मी लिहिलेली अट

माझी आई दोंडाईचाला शेजारणींना सांगायची, "आमनी पोर औषधना कारखानामा शे. पन ती औषध नही बनाडस, कागद बनाडस." हे ऐकून शेजारणींच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटायचा, तोच मी पुढे तीसेक वर्षं लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत आणि रेल्वेच्या डब्यात पाहत आले. "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" या प्रश्नाला मी निरनिराळी उत्तरं दिली. काही लोकांनी ऐकून घेतलं आणि शेवटी डोळे मिचकावून विचारलं, "म्हणजे सेटिंग ना?" त्यांच्याशी मी पुढे बोललेच नाही. माझा स्वभाव तसा आहे. घरच्यांना तो चांगला माहीत आहे आणि मंत्रालयातल्या दोन मजल्यांवरच्या शिपायांनाही.

तर काम काय, ते एकदा सरळ सांगून टाकते. सरकारी दवाखान्यात कोणतं औषध ठेवायचं याची यादी असते. यादीत नाही ते खरेदी होत नाही, आणि खरेदी झालं नाही तर डॉक्टरांना कितीही वाटलं तरी ते औषध खिडकीवर येत नाही. यादीत नुसतं औषधाचं नाव नसतं. ते गोळीच्या रूपात की कॅप्सूलच्या, किती मिलिग्रॅमचं, आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचं की जिल्हा रुग्णालयातच, हेही त्यात लिहिलेलं असतं. ही यादी एक समिती ठरवते. तिच्यापुढे म्हणणं मांडायचं, त्याला पुरावे जोडायचे, निघालेल्या त्रुटी दूर करायच्या, आणि ती नस्ती, म्हणजे तुमच्याआमच्या भाषेत फाइल, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते की नाही हे पाहत राहायचं. मोठ्या कंपन्यांत याला भारी इंग्रजी हुद्दे असतात. आमच्या कारखान्यात दारावर पाटी होती 'शासकीय पत्रव्यवहार', आणि त्या खोलीत मी एकटी.

कारखाना धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, लहानसा. मालकांना सगळे नाना म्हणत. नाना स्वतः फार्मसी शिकलेले. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, आणि कामगारांशी असो की औषध निरीक्षकाशी, बोलणं अहिराणीच. मी फार्मसीची पदवी घेऊन तिथं प्रयोगशाळेत लागले होते. दोन वर्षांनी नाना म्हणाले, "मॅडम, गोळी तपासनारा मन्हाकडे चार शेतस. सरकारले सरकारना भाषामा उत्तर देनारं कोनी नही." त्या दिवसापासून मी कागद बनवू लागले.

पाकिटं वाटली का, हा प्रश्न वाचकांच्या मनात असेलच. नाही वाटली. एकदा थंडीत नानांनी भरिताची वांगी दिली होती पिशवीभर, जळगावची, खास. "न्या, सावंतसाहेबले भरीत खाऊ द्या." सावंत म्हणजे आमचा विषय ज्यांच्या टेबलावर होता ते कक्ष अधिकारी. बारीक चणीचे आणि कोरड्या चेहऱ्याचे. ते चहासुद्धा स्वतःचाच पीत. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "बाई, हे आवक नोंदवहीत कोणत्या विषयाखाली घेऊ?" वांगी मी परत उचलली आणि डोंबिवलीला मावसबहिणीकडे नेऊन दिली. नानांना सांगितलं, साहेबांना आवडली.

आता मूळ गोष्ट.

यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. तिथं सिकलसेलच्या शिबिराला मी औषधं घेऊन गेले होते. ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचीक असायला हव्यात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हातापायांत, पोटात अशी कळ उठते की मोठा माणूससुद्धा जमिनीवर लोळतो. आजार जन्मापासूनचा. पण एक औषध रोज, मापात घेतलं तर ही दुखणी पुष्कळ कमी होतात. हायड्रॉक्सीयुरिया त्याचं नाव. ते तेव्हा सरकारी दवाखान्यात पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळे, म्हणजे मोठ्या माणसाच्या मापात.

शिबिरात रुमालीबाई भेटली. घरात पावरी बोलणारी, आमच्याशी बोलताना अहिराणी आणि मराठीची मिसळ करणारी. तिची मुलगी आरती तेव्हा पाच वर्षांची होती, वजनानं त्याहून लहान. डॉक्टरांनी तिला रोज दोनशे मिलिग्रॅम सांगितलं होतं. आता पाचशेच्या कॅप्सूलमधून दोनशे कसं काढायचं? हिशेब असा, की दोन कॅप्सूल फोडायच्या आणि त्या पावडरीचे पाच ढीग करायचे. रुमालीबाई ते कसं करते, हे तिनं मला घरी नेऊन दाखवलं. केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर पावडर आणि आगपेटीची काडी. मांडीवर धाकटं मूल. तिनं काडीनं पाच ढीग केले, डोकं तिरकं करून पाहिले, एका ढिगातलं थोडं दुसऱ्यात सरकवलं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पाचाचे साडेचार झाले.

हीच पावडर आमच्या कारखान्यात कॅप्सूल भरताना बंद खोलीत हाताळतात, दुहेरी हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून. कमी गेली तर उपयोग नाही, जास्त गेली तर पांढऱ्या पेशी घटतात, आणि निरोगी माणसानं तर ती हुंगूही नये. रुमालीबाईची यात काहीच चूक नव्हती. तिला सांगितलं होतं ते ती सांगितल्याहून जास्त काळजीनं करत होती. राग मला आला तो यादीचा.

परत येऊन नानांना म्हटलं, शंभर मिलिग्रॅमची गोळी काढू या. रोज दोन गोळ्या, काडी नको, पान नको. नानांनी दोन दिवस आकडेमोड केली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काढू. पन यादीमा लावानं काम तुमनं." गोळी तयार व्हायला, तिची परवानगी मिळायला वर्ष गेलं. पांढरी, गोल, मसुराएवढी गोळी. यादीत लावायचं काम त्यानंतर सुरू झालं.

आधी धुळ्याकडच्या एका आमदारांना भेटले, म्हटलं विधानसभेत प्रश्न तरी विचारतील. तासभर ऐकून घेतलं त्यांनी, दोनदा हळहळलेसुद्धा. मग म्हणाले, "ताई, कारखाना आमच्या तालुक्यात हलवा, गोळी मी यादीत आणून दाखवतो." मी नमस्कार केला आणि मुंबईची वाट धरली.

सावंतांनी निवेदन वाचलं. त्यांची पहिली त्रुटी तयारच होती. "पाचशेची कॅप्सूल यादीत आहे. ती विभागून देता येते असं तज्ज्ञांनीच नमूद केलेलं आहे. मग शंभरची वेगळी नोंद कशाला?" हे मला अपेक्षित होतं. पर्समध्ये मी कॅप्सूल आणल्याच होत्या, पण आत औषध नव्हतं, ग्लुकोजची पावडर भरली होती. दोन कॅप्सूल त्यांच्या टेबलावर ठेवल्या, शेजारी आगपेटीची काडी ठेवली.

"साहेब, याचे पाच सारखे भाग करून दाखवा."

"इथं?"

"रुमालीबाई रोज करते. तुम्ही एकदा करा."

पलीकडच्या टेबलावरचे दोघंतिघं उठून आले. सावंतांनी एक कोरा कागद घेतला, कॅप्सूल उघडल्या. पहिला ढीग झाला, दुसरा झाला, आणि डोक्यावरच्या पंख्यानं दोन्ही उचलून थेट कोणाच्या तरी टिप्पणीवर पसरवले. कोणी तरी म्हणालं, पंखा बंद करा. पंखा बंद केला तर सगळ्यांना घाम, आणि घामाच्या बोटाला पावडर चिकटते. सावंतांनी नेटानं पाच ढीग केले खरे, पण पाचवा म्हणजे निव्वळ समजूत होती. त्यांनी कागदाची घडी केली, हात झटकले आणि निवेदनावर लिहिलं, 'समितीपुढे ठेवावे.' नोकरीत मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

समितीत प्रश्न वेगळाच निघाला, आणि तो खरा होता. औषध साधं नाही. घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी वरचेवर व्हायला हवी. प्रत्येक आरोग्य केंद्रात ती कशी होणार? काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? विषय पुढच्या बैठकीवर, मग त्याच्या पुढच्या. आमचं गोळीचं पहिलं उत्पादन गोदामात पडून होतं, त्याची मुदत चालू झाली होती. नानांचे फोन यायचे. एक दिवस सावंत म्हणाले, "बाई, सदस्यांना धास्ती वाटते. ती घालवणारं एखादं वाक्य तुम्हीच सुचवा. आम्ही घेऊ."

आमच्या धंद्यात ही फार मोठी संधी मानतात. सरकार तुम्हाला विचारतं, शब्द तुम्ही द्या! मी तिथंच बाकावर बसून लिहिलं: 'सदर गोळी फक्त जिल्हा रुग्णालय स्तरावर, बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली देण्यात यावी.' आधी यादीत तर शिरू, मग बघू, असा माझा विचार. सावंतांनी वाचलं, म्हणाले, "नेमकं." पुढच्या बैठकीत विषय मंजूर झाला. शासन निर्णय निघाला त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले आणि नानांनी माझी पाटी बदलून मोठी करून दिली.

चारेक महिन्यांनी मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्या गावी गेले. खोटं कशाला बोलू, कौतुक ऐकायलाच गेले होते. रुमालीबाई ओट्यावर बसली होती आणि आरती तिच्या मांडीवर, पाय पोटाशी घेऊन.

"मिळते ना आता गोळी?" मी विचारलं.

"नही मिळत, ताई. पहिले कॅपसूल देत व्हतात, आते तेबी नही देतस. सांगतस, लहान पोरंले गोळी शे, ती जळगावलेच मिळस. जळगावले जा."

"मग गेलात का?"

"एक डाव गयतू. दोन बस बदलनी पडस. दिनभरना रोज बुडस. तठे सांगं, डॉक्टर सोमवारले येतस." ती आरतीच्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. "दोन महिना व्हयनात, काहीच नही देल तिले."

गावची आशा कार्यकर्ती कविता शेजारीच उभी होती. तिशीतली, बोलायला चोख. तिनं मोबाइलवर शासन निर्णय उघडला आणि माझ्यासमोर धरला. "ताई, आमचे डॉक्टर चांगले आहेत. पण हे वाचा ना. 'फक्त जिल्हा रुग्णालय स्तरावर.' लहान मुलांसाठी वेगळी गोळी आली म्हटल्यावर ते कॅप्सूल फोडून कशी देतील? आणि गोळी त्यांच्याकडे येतच नाही. असलं वाक्य लिहितं कोण हो? त्याला एकदा इथून जळगावला पोराला घेऊन पाठवलं पाहिजे."

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. शासन निर्णयाखाली माझी सही नसते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मी लिहिलं."

कविता मोबाइल तसाच धरून उभी राहिली. रुमालीबाईला आधी कळलं नाही, मग कवितानं तिला पावरीत सांगितलं. तिनं पेढ्यांचा पुडा उचलून माझ्या बाजूला सरकवला. रागानं नाही. पाहुणी बाई निघताना आपलं सामान विसरू नये, इतक्या सहज.

गाडीत बसतानाच मी ठरवलं होतं, की ही अट माझ्या हातानं घातली आहे, ती माझ्या हातानंच निघाली पाहिजे. मला वाटलं, सहा महिने लागतील. लागली तीन वर्षं.

पहिली अडचण घरातच होती. नाना म्हणाले, "मॅडम, हाई वाक्य काढं तं बठ्ठा महाराष्ट्र उघडी जाई. मंग मोठा मोठा कारखाना येतीन. आपला टिकाव लागनार नही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जिल्हा रुग्णालयांपुरता पुरवठा आमच्यासारख्या लहान कारखान्याला झेपत होता, मोठ्यांना त्यात रस नव्हता. गावोगावच्या केंद्रांसाठी खरेदी निघाली की त्यांना रस येणार होता. थोडक्यात, माझ्या मालकाच्या विरुद्ध काम करायची परवानगी मी मालकाकडेच मागत होते. मी त्यांना ओट्यावरची हकीकत सांगितली. पेढ्यांसकट.

नानांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं. "ती पोर जळगावले जास का?"

"नाही जात, नाना."

"मंग काढ ते वाक्य." एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी एकेरीत बोलले.

सावंतांचं म्हणणं वेगळं. "बाई, वाक्य घालायला एक सही लागते, काढायला अकरा. आणि समिती विचारणार, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, देखरेख हवी? आता का नको?" हा प्रश्न मला चुकवता येत नव्हता. देखरेख हवीच होती. मला फक्त दाखवायचं होतं, की ती गावातही होऊ शकते.

मग मी, कविता आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर बसलो. रक्त तपासायचं यंत्र यावलच्या ग्रामीण रुग्णालयात होतं. रक्त काढायला केंद्रात परिचारिका होती. अडत होतं ते एवढंच, की रक्त द्यायला लोक येत नव्हते. सिकलसेलच्या तपासणीचा वार बुधवार ठरलेला. केंद्राच्या भिंतीवर रंगवलेलासुद्धा. मी विचारलं, बुधवारी किती मुलं येतात? डॉक्टरांनी वही दाखवली. पानंच्या पानं कोरी.

"येतील कशी?" कविता म्हणाली. "बुधवारी सगळे शेतात नाही तर रानात. बाजार शुक्रवारी."

शुक्रवारी आठवड्याचा बाजार. पाड्यांवरची माणसं चिंच, मोहाची फुलं, डिंक, जे असेल ते घेऊन उतरतात. मीठ, तेल, मिरची घेतात, सोयऱ्याधायऱ्यांना भेटतात. पोरं बरोबर असतातच. खान्देशात जन्मलेल्या माझ्यासारख्या बाईला हे कोणी सांगायला नको होतं. इतकी वर्षं मुंबईच्या बैठकांच्या तारखा सांभाळत होते, बाजाराचा वार साफ विसरले होते. आम्ही तपासणी शुक्रवारवर आणली. सकाळी रक्त काढायचं, नळ्या लसीच्या थंड डब्यात ठेवायच्या, दुपारच्या एसटीनं कविता तो डबा यावलला पोचवणार. दुसऱ्या दिवशी अहवाल फोनवर. पुढच्या बाजाराला औषध. शंभरची गोळी केंद्राला देता येत नव्हती, म्हणून जळगावच्या बालरोगतज्ज्ञांना जाऊन भेटले. ते म्हणाले, "मुलं मी एकदा येऊन तपासतो. नंतर तुमचे अहवाल मला पाठवा, मी इथून चिठ्ठी लिहीन, कोणी तरी येऊन गोळ्या घेऊन जा." तो कोणी तरी म्हणजे महिन्यातून दोनदा मीच.

वर्षभर वही भरत गेली. कोरं पान राहिलं नाही. आरतीचं नाव दर शुक्रवारी नसलं तरी महिन्यातून एकदा असायचंच. रुमालीबाई माझ्याशी कामापुरतं बोलायची.

ती वही घेऊन मी मंत्रालयात गेले, तेव्हा सावंतांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, असा विषय इथं नाहीच. नस्ती सापडेना. मी रोज जाऊन बाकावर बसायला लागले. चौथ्या दिवशी एक शिपाई कंटाळून म्हणाला, "बाई, तुम्ही वांगीवाल्या ना? थांबा, बघतो." आणि त्यानं कपाटाच्या मागून नस्ती काढून दिली. तिच्यात सर्वांत वर सावंतांच्या हातची, बदलीच्या आदल्या दिवशीची टिप्पणी होती: 'अट घालताना प्रत्यक्ष परिस्थितीची माहिती घेतली गेली नव्हती. फेरविचार आवश्यक.' त्यांनी त्यात माझं नाव घातलं नव्हतं. दोष स्वतःच्या विभागाच्या अंगावर घेऊन हा माणूस निघून गेला होता. त्या कोरड्या चेहऱ्याच्या माणसाला मी त्या दिवशी मनातून हात जोडले.

अकरा सह्या झाल्या. समितीत वहीची पानं फिरली. एका वयस्कर सदस्यबाईंनी विचारलं, "शुक्रवारच का?" मी म्हटलं, "बाजार असतो." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. अट निघाली. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत खुली झाली, आणि तपासणी 'स्थानिक बाजाराच्या दिवशी' घ्यावी असंही त्यात आलं. शासन निर्णयात बाजार हा शब्द आलेला पाहून मी तो कागद दोनदा वाचला.

खरेदी निघाली. निविदेत आम्ही हरलो. दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या कारखान्याला काम मिळालं. नानांनी बातमी ऐकली. मग म्हणाले, "काम तं व्हयनं ना?" मी म्हटलं, "व्हयनं." त्यांनी दोन चहा सांगितले. त्या वर्षी मी निवृत्त झाले आणि जळगावला राहायला आले.

मध्ये एक पावसाळा गेला. एक दिवस कविताचा फोन आला. "ताई, गोळ्या आल्यात, केंद्रात आहेत. पण आया मुलांना देत नाहीत."

"का?"

"पाकीट वेगळं आहे. आपली गोळी पांढरी होती, ही गुलाबी आहे. बायका म्हणतात, ही ताईची नाही. कोणी तरी सांगितलं, चांगली गोळी बंद करून हलकी पाठवली. मी सांगते, डॉक्टर सांगतात, पण पटत नाही. रुमालीबाईनं पाच पाकिटं डब्यात तशीच ठेवलीत."

मी एक पाकीट मागवून घेतलं आणि धुळ्याला नानांच्या पुढ्यात ठेवलं. न तपासता मी कोणत्याही गोळीची शिफारस केलेली नाही, तेव्हाही करणार नव्हते. नानांनी ती प्रयोगशाळेत दिली. खरं सांगायचं तर एखादा दोष निघावा, असं मला मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं. नानांनाही वाटत असावं, कारण अहवाल त्यांनी स्वतः दोनदा तपासला. मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "गोळी बरी शे. आपलासारखीच शे." आणि पाकीट माझ्या हातात देत, "जा, सांग तेसले."

शुक्रवारी सकाळी मी आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसले. समोरच बाजार भरत होता. कविता एकेकीला घेऊन येत होती. मी दुसऱ्याच्या कारखान्याचं पाकीट वर धरून सांगत होते, रंग वेगळा आहे, औषध तेच आहे, आम्ही तपासलं आहे. काही जणींना लगेच पटलं, काही जणी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. रुमालीबाई दुपारकडे आली. डबा बरोबर होता. आरती आता अकरा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली.

रुमालीबाईनं पाकीट माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं केलं. "ही तुमनी नही."

"नाही. दुसऱ्या कारखान्याची आहे."

"मंग तुम्ही इतला वरीस कसाले फिरन्यात?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. आपलं नसलेल्या वस्तूसाठी कोणी मुंबईच्या चकरा का मारील, हे तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि हा प्रश्न मला नोकरीभर कोणी इतका सरळ विचारला नव्हता.

"ही इथं मिळावी म्हणून," मी म्हटलं. "कोणाची का असेना. मीच ती जळगावला नेऊन ठेवली होती ना."

तिनं पाकिटातल्या गोळ्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "तुमनी आंडेर व्हती तं तिले देत्यात का?"

"माझी मुलगी असती तर आजच दिली असती."

रुमालीबाईनं पाकीट ओट्यावर ठेवलं आणि डब्यातून आताच्या मापाच्या तीन गोळ्या काढून आरतीच्या तळहातावर ठेवल्या. आरतीनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि केंद्राच्या माठातल्या पाण्याबरोबर तिन्ही गिळून टाकल्या.

"चाल," रुमालीबाई तिला म्हणाली, "बाजार उठी जाई." डबा काखेत घेऊन ती ओट्यावरून उतरली. मी सरकून पुढच्या बाईला बसायला जागा केली आणि दुसऱ्याचं ते पाकीट पुन्हा हातात घेतलं.